ओचोआंचं उलटं मशीन

इलेक्ट्रिकलवालीने बायोकेमिस्टवर का लिहावं? कारण सेव्हेरो ओचोआंची गोष्ट मला मोटर-जनरेटरसारखी वाटते. मशीन एकच, वीज दिली तर फिरतं, फिरवलं तर वीज देतं!

ओचोआ १९०५ साली स्पेनमधल्या लुआर्का या समुद्रकाठच्या गावी जन्मले. सात वर्षांचे असताना वडील गेले. माद्रिदला डॉक्टर झाले, पण ओढा सगळा रिसर्चकडे. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली आणि ते पत्नी कार्मेनसह बाहेर पडले. आधी जर्मनी, मग इंग्लंड, मग अमेरिका. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत पोचेपर्यंत १९४२ उजाडलं.

तिथे त्यांच्या लॅबमध्ये फ्रान्सहून आलेल्या मारियान ग्रुनबर्ग-मानागो अझोटोबॅक्टरवर काम करत होत्या. (हो, आपले शेतकरी बियाण्याला चोळतात तोच जिवाणू!) त्यांना त्यात पॉलिन्यूक्लिओटाइड फॉस्फोरिलेज हे एन्झाइम सापडलं. टेस्टट्यूबमध्ये ते सुटे मणी ओवून आरएनएची माळ करत होतं. १९५५ मध्ये हे जाहीर झालं, १९५९ मध्ये ओचोआंना नोबेल. सोबत कॉर्नबर्ग, जे पूर्वी त्यांच्याच लॅबमध्ये शिकून गेलेले. मारियानबाईंचं नाव नाही. हे मला खटकतंच.

खरी गंमत पुढे आहे. हे एन्झाइम कुठलाही नमुना वाचत नाही, हाताला येईल तो मणी ओवतं. मग डीएनएची कॉपी कशी करणार? ते काम आरएनए पॉलिमरेजचं, हे १९६० च्या सुमारास कळलं. पेशीत फॉस्फेट भरपूर, त्यामुळे तिथे ओचोआंचं मशीन मुख्यतः उलटं चालतं: टोकापासून एकेक मणी तोडत जातं. ई. कोलाय जिवाणूत तर याची टोळीच असते, डिग्रेडोसोम. आरएनएज ई माळ मधेच कापतं, आरएचएलबी तिच्या गाठी सोडवतं, मग हे तुकडे फस्त करतं. साखर जाळण्याच्या कामातलं एनोलेजही त्यांच्यातच बसलेलं. जिवाणूचे निरोप बहुतेक काही मिनिटांचेच. जुने पुसले नाहीत तर नव्याला अर्थ काय?

मग नोबेल चुकलं का? मला नाही वाटत. नमुना लागत नाही म्हणूनच याच मशीनने हवी ती माळ करता आली. नुसत्या 'यू' मण्यांच्या अशा माळेवरून १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी जेनेटिक कोडचा पहिला शब्द वाचला. पुढचे शब्द वाचण्यात ओचोआंची लॅबही होती.

१९८५ मध्ये ओचोआ स्पेनला परतले. नोव्हेंबर १९९३ मध्ये माद्रिदला वारले. आरएनएज ई आणि त्यांचं एन्झाइम पेशीत जोडीने असतात, हे छापून आलं १९९४ मध्ये.