बिडाचं हेड नको म्हणणारा इंजिनिअर : झोरा आर्कस-डंटोव्ह

अमेरिकेत झोरा आर्कस-डंटोव्ह यांना कॉर्व्हेटचा बाप म्हणतात. खरं तर ती गाडी त्यांनी जन्माला घातली नाही, दत्तक घेतली.

१९०९ साली ब्रुसेल्समध्ये रशियन ज्यू घरात जन्म, शिक्षण बर्लिनला. १९४० मध्ये नाझी फ्रान्समध्ये घुसले, तेव्हा झोरा जीव वाचवून निघाले आणि न्यूयॉर्कला पोचले. तिथे भाऊ युरासोबत आडनावावरूनच कंपनी काढली, आर्डन.

फोर्डच्या व्ही-८ मध्ये तेव्हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असायचे. हेड म्हणजे नुसतं झाकण. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर पडायचा, त्यामुळे इंजिन तापायचं. आर्डनने त्यावर बसणारं ॲल्युमिनियमचं हेड विकायला आणलं. व्हॉल्व्ह वर गेले, ताकद दणकून वाढली. धंदा मात्र टिकला नाही.

१९५३ मध्ये प्रदर्शनात कॉर्व्हेट पाहिली आणि ते जनरल मोटर्समध्ये शिरले. १९६० च्या मॉडेलसाठी पुन्हा ॲल्युमिनियमचाच हट्ट. हलकं, उष्णता झटकन सोडणारं, म्हणून कॉम्प्रेशन वाढवता येतं. पण इंजिन फार तापलं तर हेड वाकायचं आणि कारखान्यात ओतकामही धड जमेना. बेत रद्द. बीड जड खरं, पण स्वस्त आणि सोशिक.

१९६७ मध्ये एल-८८ इंजिनावर अखेर ॲल्युमिनियमचं हेड आलं. त्या वर्षी अशा गाड्या बनल्या फक्त २०.

१९७५ ला झोरा निवृत्त झाले, १९९६ ला गेले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत.