हॅरॉल्ड एफ. डॉज

हॅरॉल्ड फ्रेंच डॉज (जन्म : लॉवेल, मॅसॅच्युसेट्स, २३ जानेवारी १८९३, मृत्यू : १० डिसेंबर १९७६) हे अमेरिकन अभियंते व संख्याशास्त्रज्ञ होते. मालाच्या संपूर्ण खेपेऐवजी तिच्यातील थोडे नग तपासून खेप स्वीकारावी की नाकारावी, हे ठरविण्याचे शास्त्र त्यांनी उभारले. कारखान्यांप्रमाणेच जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगसारख्या कामांतही आज ही रीत वापरली जाते.

शिक्षण व नोकरी

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन (१९१६) डॉज १९१७ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी एम.ए. केले. कंपनीचा संशोधन विभाग १९२५ मध्ये बेल टेलिफोन प्रयोगशाळा या नावाने स्वतंत्र झाला. तेथे ते १९५८ पर्यंत होते. वॉल्टर शूहार्ट हे तेथील त्यांचे सहकारी.

नमुना-तपासणी

दूरध्वनीचे लक्षावधी सुटे भाग एकेक करून तपासणे खर्चिक होते, आणि सतत तेच काम करणाऱ्या तपासनिसाची नजर थकून चुका निसटतच. म्हणून सरसकट दहा टक्के माल पाहण्याची सोपी पद्धत रूढ होती. ती दिसते न्याय्य, पण फसवी आहे. सदोष नगांचे प्रमाण ४ टक्के असलेल्या दोन खेपा घेऊ. ५० नगांच्या खेपेतून ५ नग काढले, तर एकही सदोष नग हाती न लागण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के असते. १००० नगांच्या खेपेतून १०० काढले, तर तीच शक्यता दीड टक्क्याच्या आत येते. माल सारखाच, निकाल मात्र वेगळा.

डॉज व हॅरी रोमिग यांनी १९२९ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’मध्ये यावरील आपली पद्धत मांडली. चांगली खेप चुकून नाकारली जाण्याची उत्पादकाची जोखीम आणि वाईट खेप स्वीकारली जाण्याची ग्राहकाची जोखीम, या दोन्ही गोष्टी त्यात मोजता येतात. नमुन्यात ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक दोष आढळले, तर संपूर्ण खेप तपासून सदोष नग बदलायचे. अशा रीतीने बाहेर जाणाऱ्या मालाचा सरासरी दोष ठरावीक मर्यादेच्या वर जात नाही. तिला सांभाळून एकूण तपासणी किमान किती करावी लागेल, याचे तक्ते दोघांनी तयार केले. ते १९४४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

सलग कामासाठी योजना

काही कामे खेपांत विभागलेली नसतात, ती अखंड चालतात. त्यासाठी डॉज यांनी १९४३ मध्ये वेगळी योजना दिली. प्रारंभी प्रत्येक नग तपासायचा. ठरलेल्या संख्येइतके नग सलग निर्दोष निघाले की काही अंशच पाहायचा. दोष सापडताच पुन्हा प्रत्येक नगाकडे वळायचे. तपासणी कमी करण्याची सवलत कामानेच मिळवावी लागते, ही यातील खरी मेख.

कागदपत्रांच्या कामाशी या विचाराचा संबंध जुना आहे. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेत छिद्रपत्रांवर माहिती नोंदविणाऱ्यांपैकी ज्यांच्या चुका पुरेशा कमी होत्या, त्यांच्या कामाची केवळ नमुना-पडताळणी होत असे. आज स्कॅन केलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून काही प्रतिमा यदृच्छेने निवडून त्या अस्पष्ट, तिरक्या वा कापलेल्या आहेत का, हे पाहतात. सुटलेले पान मात्र केवळ प्रतिमा पाहून कळत नाही, त्यासाठी मूळ दस्तऐवज शेजारी ठेवावा लागतो. मूळ प्रत नंतर नष्ट होणार असेल, तर ग्राहकाची जोखीम फार लहान ठेवणे भाग असते, कारण तेथे चूक दुरुस्त करण्याची दुसरी संधी नसते.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या साहित्य-खरेदीसाठी नमुना-तक्ते बनविण्याच्या कामात डॉज यांचा सहभाग होता. पुढे १९५० च्या सुमारास लष्करी मानक १०५ तयार झाले आणि त्यावरून आयएसओ २८५९ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. भारतात याच विषयाचे मानक आयएस २५०० या क्रमांकाने आहे. डॉज यांना १९४९ मध्ये शूहार्ट पदक मिळाले. बेलमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी रटगर्स विद्यापीठात अध्यापन केले.