ग्रेच्चोचा गोठा

नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे केक, कागदी चांदण्या आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज उभा राहतो. परंतु या सणाचा ख्रिस्ती अर्थ काय, असे मला कोणी विचारले, तर मी त्याला असिसीच्या संत फ्रान्सिसचे चरित्र सांगेन.

इटलीतील असिसी या डोंगरी नगरात ११८१-८२ च्या सुमारास त्याचा जन्म झाला. वडील पिएत्रो बेर्नार्दोने हे कापडाचे बडे व्यापारी. तरुण फ्रान्सिस मित्रांना मेजवान्या देई, रात्री गाणी गात हिंडे आणि सरदार होण्याची स्वप्ने पाही. १२०२ साली पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला व सुमारे वर्षभर कैदेत राहिला. पुढे दीर्घ आजार आला आणि जुन्या सुखांवरून त्याचे मन उडाले.

कुष्ठरोग्यांची त्याला विलक्षण किळस होती. एकदा वाटेत असाच एक रोगी भेटला. फ्रान्सिस घोड्यावरून उतरला, त्याच्या हातावर नाणे ठेवले आणि त्या हाताचे चुंबन घेतले. आपल्या परिवर्तनाचा आरंभ कुष्ठरोग्यांच्या सहवासात झाला, असे त्याने अखेरच्या दिवसांत लिहिलेल्या मृत्युपत्रात नमूद केले आहे.

त्यानंतरची घटना मला फार बोलकी वाटते. सान दामियानोचे मोडकळीस आलेले चर्च दुरुस्त करण्यासाठी त्याने वडिलांच्या दुकानातील कापड परस्पर विकले. वडिलांनी त्याला बिशपांसमोर उभे केले. बिशपांनी पैसे परत करण्यास सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर दिलेच, पण अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांच्या स्वाधीन केले. वडिलांच्या पैशावर उदार होणे तुम्हा-आम्हा विद्यार्थ्यांनाही जमते! खरे औदार्य आपले स्वतःचे काही सोडण्यापासून सुरू होते, हे तो त्या दिवशी शिकला असावा.

१२०९ साली पोप तिसरे इनोसंट यांनी त्याच्या छोट्याशा बंधुसंघाला तोंडी मान्यता दिली. १२१९ साली, धर्मयुद्ध चालू असताना, तो निःशस्त्र इजिप्तच्या सुलतानाला भेटून आला. नोव्हेंबर १२२३ मध्ये संघाच्या नियमावलीला पोपची लेखी मंजुरी मिळाली आणि पुढच्याच महिन्यात त्याने ग्रेच्चो या खेड्यात नाताळ साजरा केला.

ख्रिस्तजन्माच्या वेळचे हाल प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावेत, ही त्याची इच्छा. म्हणून डोंगरातल्या गुहेत गव्हाण मांडली, वाळले गवत पसरले, बैल आणि गाढव आणून बांधले. खेडूत मशाली घेऊन आले. त्या गव्हाणीपाशी मिस्सा झाली. फ्रान्सिसने शुभवर्तमान गायिले आणि बेथलेहेमच्या गरीब बाळाविषयी प्रवचन केले. ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्या परमेश्वराने वस्तू न देता स्वतःलाच दिले, आणि तेही असहाय बालकाच्या रूपात, हा नाताळचा अर्थ त्या गवतावर निरक्षरालाही वाचता आला.

अर्थ कळला की आचार आलाच. नाताळात श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैल-गाढवांना नेहमीपेक्षा अधिक वैरण घालावी आणि पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकावे, असे तो म्हणे. सम्राटाला भेटून तसा हुकूमच काढवून घेण्याची त्याची इच्छा होती. पोळ्याला बैलाला पुरणपोळीचा घास देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. एकदा दोन बंधूंची वृद्ध आई मदत मागायला आली. मठात देण्याजोगे काहीच नव्हते. होती ती फक्त प्रार्थनेच्या वेळी वाचायची नव्या कराराची प्रत. ती विकून पोट भर, असे सांगून त्याने ती तिला देवविली. पाठ करण्यापेक्षा पाळणे त्याला मोठे वाटले.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी तो वारला. मरताना त्याने स्वतःला उघड्या जमिनीवर ठेवून घेतले. १२२८ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याचे अनुयायी १५१७ साली गोव्यात आले. जुन्या गोव्यात त्याच्या नावाचे भव्य चर्च उभे आहे.

आज गोव्यात आणि वसईत नाताळला घरोघर गोठे सजतात. ते पाहताना मला वाटते, मित्रहो, गोठा सजविणे सोपे आहे. पण थंडीच्या रात्री दाराशी आलेल्याला आपल्याच ताटातले अर्धे काढून देणे? ते ज्याला साधले, त्याचा नाताळ साजरा झाला. मग तो कोणत्याही धर्माचा असो.