पडद्यावरचा लॉक आणि इतिहासातला लॉक

अमेरिकेतील एबीसी वाहिनीवर २२ सप्टेंबर २००४ रोजी 'लॉस्ट' ही मालिका सुरू झाली आणि मे २०१० पर्यंत तिची सहा पर्वे गाजली. एका निर्जन बेटावर कोसळलेले विमान, त्यातून वाचलेले प्रवासी आणि बेटाची गूढ रहस्ये, असा तिचा पसारा. या मालिकेतील पात्रांची नावे मात्र तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या ग्रंथालयातून उचलून आणल्यासारखी होती. ह्यूम, रूसो, बर्क, बाकुनिन, फॅरडे, मिंकोव्स्की ही त्यांतली काही. या सर्वांत प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला तो जॉन लॉक. बेटावर येण्यापूर्वी हा माणूस चाकांच्या खुर्चीला खिळलेला असतो आणि बेटावर पाय ठेवताच चालू लागतो. ही भूमिका करणाऱ्या टेरी ओक्विन यांना २००७ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. या नावामागचा खरा माणूस कोण होता, हे फारसे कुणी विचारले नाही. वास्तविक त्याचे आयुष्य मालिकेहून कमी नाट्यमय नव्हते.

जॉन लॉकचा जन्म २९ ऑगस्ट १६३२ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात रिंग्टन या खेड्यात झाला. वडील गावातले वकील. राजा आणि संसद यांच्यात यादवी युद्ध पेटले तेव्हा ते संसदेच्या बाजूने घोडदळात लढले. त्या ओळखीच्या बळावर मुलाला लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत प्रवेश मिळाला. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला, तो शाळेपासून काही अंतरावरच. राजाचे मस्तकही कायद्यापुढे उतरू शकते, हे सोळा वर्षांच्या लॉकच्या पिढीने असे जवळून अनुभवले. सत्ता येते कोठून आणि तिला मर्यादा कोणती, हा प्रश्न त्याला पुढे जन्मभर पुरला.

१६५२ मध्ये तो ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात दाखल झाला. तेथील पोथीनिष्ठ तर्कशास्त्रात त्याचे मन रमले नाही. रॉबर्ट बॉइलसारख्या शास्त्रज्ञाच्या सहवासात तो प्रयोगांकडे ओढला गेला. वैद्यकाचा अभ्यास त्याने केला, थॉमस सिडनहॅम या नामांकित वैद्याबरोबर रुग्ण तपासले आणि १६६८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. आधी पाहावे, मग बोलावे, ही त्याच्या तत्त्वज्ञानाची रीत रुग्णाच्या खाटेजवळ घडली आहे.

या वैद्यकानेच त्याचे नशीब पालटले. १६६६ मध्ये अँथनी अॅशली कूपर हा बडा सरदार ऑक्सफर्डला आला असता त्याची लॉकशी गाठ पडली आणि पुढच्याच वर्षी लॉक त्याच्या लंडनच्या वाड्यात राहायला गेला. १६६८ मध्ये कूपरच्या यकृतातील गाठ जीवघेणी ठरू लागली. लॉकच्या देखरेखीखाली शल्यविशारदाने ती उघडली आणि पू वाहून जाण्यासाठी तेथे नळी बसवली. त्या काळात अशा शस्त्रक्रियेतून वाचणे हेच आश्चर्य. कूपर वाचला, पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल आणि देशाचा लॉर्ड चॅन्सलरही झाला. मालिकेच्या लेखकांनी हा इतिहास नेमका उलटा केला आहे. पडद्यावर अँथनी कूपर हे लॉकच्या दगाबाज पित्याचे नाव आहे. तो मुलाचे मूत्रपिंड फसवून काढून घेतो आणि पुढे त्याला उंच खिडकीतून ढकलून पंगू करतो. इतिहासात लॉकने कूपरला जीवदान दिले आणि कूपरने लॉकला राजकारणाची दारे उघडून दिली.

ही दारे धोक्याचीही होती. दुसऱ्या चार्ल्सनंतर त्याचा कॅथलिक भाऊ जेम्स गादीवर येऊ नये म्हणून शाफ्ट्सबरीने चळवळ उभारली. ती फसली. शाफ्ट्सबरी हॉलंडला पळाला आणि जानेवारी १६८३ मध्ये तेथेच वारला. त्याच वर्षी राजाच्या हत्येचा कट उघडकीस आला आणि धरपकड सुरू झाली. अल्जर्नन सिडनी या विचारवंताला फाशीची शिक्षा ठोठावताना त्याच्या अप्रकाशित हस्तलिखिताचाच पुरावा म्हणून वापर झाला. लॉकच्या कागदांतही तसाच मजकूर होता. तो सप्टेंबरमध्येच हॉलंडला निसटला होता. १६८४ मध्ये राजाज्ञेने त्याची ऑक्सफर्डमधील जागा गेली. पकडले जाण्याच्या भीतीने त्याने डॉ. व्हान डर लिंडन असे नाव घेतले. मालिकेतला लॉकही बेटाबाहेर जेरेमी बेंथम या नावाने वावरतो. गंमत अशी की, लॉकने ज्या नैसर्गिक हक्कांचा पुरस्कार केला, ते थोतांड आहेत असे मानणारा तत्त्वज्ञ म्हणजे बेंथम.

१६८८ च्या क्रांतीत जेम्सची गादी गेली आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये नव्या राणीच्या ताफ्याबरोबर लॉक मायदेशी परतला. वय ५६, दम्याने पोखरलेले शरीर आणि नावावर एकही मोठा ग्रंथ नाही. परंतु त्या एका वर्षात धार्मिक सहिष्णुतेवरील पत्र, मानवी आकलनावरील प्रबंध आणि शासनसंस्थेवरील दोन निबंध प्रसिद्ध झाले. जन्मतः मन कोऱ्या पाटीसारखे असते आणि अनुभव त्यावर लिहितो, हा प्रबंधाचा गाभा. त्यावर त्याने आपले नाव घातले. राज्यकर्त्याची सत्ता ही प्रजेच्या संमतीने मिळालेली ठेव आहे आणि ठेवीचा अपहार झाल्यास प्रजेला ती काढून घेता येते, असे सांगणारे निबंध मात्र निनावी राहिले. ते आपले आहेत, हे त्याने मृत्युपत्राच्या पुरवणीतच मान्य केले.

अखेरची वर्षे त्याने एसेक्समधील ओट्स येथे विदुषी डॅमॅरिस मॅशम आणि तिच्या कुटुंबाच्या घरी काढली. न्यूटन तेथे त्याला भेटायला येई. लॉकने लग्न केले नाही. २८ ऑक्टोबर १७०४ रोजी लेडी मॅशम स्तोत्रे वाचून दाखवीत असताना त्याने डोळे मिटले.

या चरित्राला डागही आहेत आणि ते झाकणे योग्य नव्हे. स्वातंत्र्याच्या या पुरस्कर्त्याने गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे भाग घेतले होते. कॅरोलिना वसाहतीच्या ज्या घटनेत मालकाला गुलामावर निरंकुश सत्ता दिली होती, तिच्या लेखनात चिटणीस म्हणून त्याचा हात होता. त्याच्या सहिष्णुतेत नास्तिकांना जागा नव्हती. जमीन कसतो त्याची, या त्याच्या सिद्धांताचा आधार घेऊन अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमिनी पडीक ठरवून बळकावल्या गेल्या. तरीही विचार कर्त्याच्या मर्यादा ओलांडून जातात. लॉकच्या विचारांचा ठसा १७७६ च्या अमेरिकी जाहीरनाम्यावर उमटला. मानवी हक्कांची तीच परंपरा थॉमस पेनने पुढे नेली आणि पेनचे पुस्तक वाचून महात्मा फुले अस्वस्थ झाले.

विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणवल्या जाणाऱ्या मोर्शी-वरुड परिसरातील वाचकाला लॉक दूरचा वाटू नये. जमिनीत श्रम मिसळले की ती आपली होते, हे त्याचे सूत्र संत्र्याची कलमे लावून फळासाठी पाच-सहा वर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मोर्शीजवळ सिंभोरा येथे वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण झाले आणि त्याच्या पाण्याने पुष्कळ शिवारे हिरवी केली. पण ज्यांची शेते पाण्याखाली गेली, त्यांचा हिशेब मिटला नाही. भारतात १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला आणि कलम ३०० अ मध्ये तो केवळ घटनात्मक हक्क उरला. संमतीविना कोणाची मालमत्ता घेऊ नये, असे लॉक सांगे. मात्र संमती म्हणजे बहुमताने निवडलेल्या प्रतिनिधींची संमती, असा त्याचा अर्थ होता. ज्याचे शेत बुडाले, त्याचा एकट्याचा आवाज त्या बहुमतात कोठे ऐकू यावा, याचे उत्तर त्याच्याजवळही नव्हते.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी याच धरणाचे प्रकल्पग्रस्त शेतकरी मुंबईत मंत्रालयात पोहोचले आणि त्यांनी तेथील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. तो लॉकच्या जन्माचा दिवस होता, हा निव्वळ योगायोग. पण सत्ता ही ठेव आहे, हे साडेतीन शतकांपूर्वी नाव लपवून लिहावे लागले आणि आजही ते सत्तेच्या दारात जाऊन सांगावे लागते, हा योगायोग नव्हे.