विस्मृत स्वरांची मानकरी : अमीरबाई कर्नाटकी

देवस्थानाच्या स्मरणिकेत देवस्थानाचा इतिहास, उत्सवांचे वृत्तान्त आणि जीर्णोद्धारासाठी झटलेल्या पूर्वजांची चरित्रे यांना अग्रस्थान असावे हे योग्यच होय. तथापि देवापुढे ज्या अनेक सेवा रुजू होतात त्यांत स्वरसेवेचा मान मोठा आहे. आपल्या गोमंतकीय देवस्थानांत पालखीपुढे आणि सभामंडपात कलावंत स्त्रियांनी पिढ्यानुपिढ्या गायिले. त्यांच्याच परंपरेतून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका निपजल्या. परंतु जुन्या दप्तरांत महाजनांची नावे जशी ओळीने आढळतात, तशी गाणाऱ्यांची आढळत नाहीत. स्वर सर्वांनी ऐकला, नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही.

हिंदी बोलपटांच्या पहिल्या वीस वर्षांत नेमके हेच घडले. त्या काळातील गीते आजही पहाटेच्या वेळी कुठे तरी वाजतात, पण ती कोणी गायिली हे सांगणारा विरळा. अशा गायिकांपैकी एक आपल्या आळंद परिसराच्या अगदी शेजारची होती. तिचे चरित्र आपल्या महाजन कुटुंबांना ठाऊक असावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

अमीरबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी बिळगी या गावी झाला. हे गाव त्या वेळी विजापूर जिल्ह्यात होते. आता ते बागलकोट जिल्ह्यात मोडते. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यात होते, तर आळंद निजामाच्या राज्यात. दोहोंच्या मधली सरहद्द कागदावर कितीही ठळक असली तरी गाण्याने आणि नाटकाने ती कधीच मानली नाही. सोलापूर, विजापूर, हुबळी या मार्गाने मराठी नाटक मंडळ्या येत-जात, कन्नड मंडळ्यांचे खेळही त्याच गावांत होत, आणि दोन्ही भाषांचा प्रेक्षक एकाच तंबूत मांडीला मांडी लावून बसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हे दोन्ही मुलूख म्हैसूर राज्यात एकत्र आले. रसिकांच्या दृष्टीने ते आधीपासूनच एक होते.

अमीरबाईंचे घराणे मुसलमान, पण त्या घरात नाटक आणि गाणे हाच श्वास होता. त्यांची बहीण गौहरबाई हिचे नाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. नटसम्राट बालगंधर्वांच्या उत्तरकाळात त्यांच्या मंडळीतील नायिकेच्या भूमिका गौहरबाईंनी केल्या आणि त्या वृद्ध कलावंताची साथ केली. दोघी बहिणी आपल्या प्रांताचे नाव आडनावासारखे लावून कर्नाटकी म्हणूनच प्रसिद्ध पावल्या. अमीरबाईंचेही पहिले शिक्षण रंगभूमीवरच झाले. ध्वनिवर्धकाच्या साहाय्याविना शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचविण्याची शिस्त तेथे अंगी बाणली. त्यांचा स्पष्ट उच्चार आणि भरीव आवाज ही त्याच शाळेची देणगी होय.

१९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट निघाला आणि गाऊ शकणाऱ्या नटींची मुंबईला एकाएकी निकड भासू लागली. त्या ओघात अमीरबाईही मुंबईस गेल्या. १९३४ च्या ‘विष्णुभक्ती’ या चित्रपटापासून त्यांचा रुपेरी प्रवास सुरू झाला. पहिली काही वर्षे यथातथाच गेली. खरे यश आले ते १९४० मध्ये, प्रकाश पिक्चर्सच्या ‘नरसी भगत’ या चित्रपटाने. विजय भट्ट यांनी तो दिग्दर्शित केला होता आणि संगीत होते शंकरराव व्यास यांचे. संत नरसी मेहतांची भूमिका विष्णुपंत पगनीसांनी केली. चारच वर्षांपूर्वी प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये याच पगनीसांनी तुकोबा साक्षात उभे केले होते. वैष्णवाची लक्षणे सांगणारे नरसी मेहतांचे जे भजन महात्मा गांधींच्या प्रार्थनासभांमुळे घरोघरी पोहोचले, ते या चित्रपटाच्या निमित्ताने अमीरबाईंच्या कंठातून देशाने ऐकले.

तुकोबांच्या गुरुपरंपरेतील राघव चैतन्यांचे समाधिस्थान आपल्या आळंदास मानले जाते, आणि याच गावी लाडले मशायख यांचा दर्गाही आहे. अशा गावाला हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही की, एका मुसलमान गायिकेने वैष्णवांचे भजन म्हणावे आणि लाखो हिंदू घरांनी ते देवघरात ऐकावे, यात आश्चर्य ते काय ! भक्तीचा स्वर जातिपातीची विचारपूस करीत नाही.

पुढची सात-आठ वर्षे अमीरबाईंच्या वैभवाची. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ प्रदर्शित झाला. ज्ञान मुखर्जी यांचे दिग्दर्शन, कवी प्रदीप यांची गीते आणि अनिल विश्वास यांचे संगीत असा योग जुळून आला होता. कोलकात्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. पडद्यावर नायिका होत्या मुमताज शांती, आणि त्यांच्या मुखातून येणारा स्वर होता अमीरबाईंचा. बेचाळीसच्या आंदोलनाची धग ताजी असताना परक्यांना देश सोडून जाण्याचे आवाहन करणारे समूहगीत याच चित्रपटात होते. त्यात खान मस्ताना यांच्यासह अमीरबाईंचा आवाज आहे. चित्रपटगृहात प्रेक्षक ते गीत पुनःपुन्हा दाखवावयास लावीत. १९४४ च्या ‘रतन’मध्ये नौशाद यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतलेले विरहगीतही गाजले. गुजराती ‘राणकदेवी’मध्ये त्यांनी गायिलेले गीत लोकगीताप्रमाणे गुजरातेत रुळले. ‘शहनाज’ या चित्रपटाचे संगीतही त्यांनी स्वतः दिले. स्त्री संगीतकार म्हणून त्यापूर्वी सरस्वतीदेवी, जद्दनबाई अशी मोजकीच नावे होती. एकूण तीनशेहून अधिक गीते अमीरबाईंच्या नावावर जमा आहेत.

हे ‘नावावर’ मात्र नंतर जमा झाले. त्या काळी पार्श्वगायकाचे नाव प्रसिद्ध करण्याची प्रथा स्थिर झाली नव्हती. पडद्यावरील नटीच गाते आहे असा प्रेक्षकांचा समज असे आणि निर्मात्यांना तो मोडावयाचा नसे. कित्येक तबकड्यांवर गायिकेऐवजी चित्रपटातील पात्राचे नाव छापले जाई. १९४९ च्या ‘महल’मधील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली तेव्हा कोठे खरे नाव सर्वांना कळले. पुढे गायकांची नावे छापण्याचा परिपाठ पडला. त्याचा लाभ पुढच्या पिढीस झाला. अमीरबाई, जोहराबाई अंबालेवाली, राजकुमारी यांच्या पिढीला तो पुरेसा मिळाला नाही.

यशाच्या ऐन भरात अमीरबाईंचे घरगुती आयुष्य मात्र दुःखाचे होते. चित्रपटातील एका नटाशी झालेला त्यांचा विवाह त्यांना फार जाचक ठरला. त्यांच्या मिळकतीवर घर चाले आणि छळही त्यांनाच सोसावा लागे. अखेर एका वकिलाच्या साहाय्याने त्या त्यातून मुक्त झाल्या. पुढे एका पत्रकाराशी त्यांनी विवाह केला आणि तेथे त्यांना स्वास्थ्य लाभले. त्या दुःखाच्या वर्षांत गायिलेली भजने आणि अंगाईगीते आज ऐकताना कोठेही कटुता जाणवत नाही. गाणाऱ्याच्या साधनेचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावा ?

१९४९ नंतर हिंदी चित्रपटसंगीताचे वळण बदलले. ध्वनिमुद्रणाची साधने सुधारली. सूक्ष्म, उंच पट्टीतील, हलका आवाज आता ध्वनिवर्धकाला सहज टिपता येऊ लागला. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या कन्येचा स्वर या नव्या युगाला नेमका मानवला. आपल्या महाजन कुटुंबांना त्याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच. परंतु त्याच उदयाबरोबर, रंगभूमीच्या संस्कारातून आलेल्या भरदार आवाजांचा अस्त झाला, हेही विसरता कामा नये. अमीरबाईंकडे गीते येईनाशी झाली. पुढे त्या छोट्या चरित्रभूमिकांवर आल्या. विजापुरात त्यांच्या नावाने अमीर टॉकीज हे चित्रपटगृह उभे राहिले होते. मुंबईने विसरलेले ते नाव त्यांच्या मुलखात निदान एका पाटीवर शाबूत राहिले. ३ मार्च १९६५ रोजी त्या निवर्तल्या.

त्यानंतरची कथा त्यांच्या स्वराच्या पुनर्जन्माची आहे. जुने चित्रपट ज्वालाग्राही फितीवर असत. कित्येक जळाले, कित्येक कुजले. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत आज शिल्लक नाही. गीते उरली ती लाखेच्या तबकड्यांमुळे. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे, मिनिटाला ७८ फेरे, आणि हातून निसटली की तुकडे. अशा तबकड्या काही छांदिष्ट संग्राहकांनी जुन्या बाजारांतून, भंगारातून, पेट्यांच्या तळातून वेचल्या. सिलोन नभोवाणीने रोज सकाळी जुन्या चित्रपटांच्या गीतांचा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालविला आणि निवेदकाने गायकाचे नाव आवर्जून सांगितले. सीमाभागातील किती तरी श्रोत्यांनी अमीरबाईंचे नाव प्रथम तेथेच ऐकले.

कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी याहून अवघड कार्य केले. त्यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश सिद्ध केला. १९४१ ते १९५० या दशकाचा खंड १९८४ साली, तर १९३१ ते १९४० चा खंड १९८८ साली प्रसिद्ध झाला. चित्रपट, गीत, गायक, गीतकार, संगीतकार अशा नोंदी त्यांनी जुन्या पुस्तिका, तबकड्या आणि जाहिराती धुंडाळून केल्या. एखाद्या दप्तरदाराने गावाचे हक्कपत्र तयार करावे तसे हे काम आहे. ज्याचे गाणे त्याच्या नावे लागले. कन्नडमध्ये रहमत तरीकेरे यांनी अमीरबाईंचे चरित्र लिहून त्यांना त्यांच्या मायप्रांतात पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठीत असे स्वतंत्र चरित्र कोणी अभ्यासकाने सिद्ध करावे, अशी इच्छा येथे व्यक्त करावीशी वाटते.

महाजनपण म्हणजे मानाच्या नारळाचा हक्क एवढेच नव्हे. ज्यांनी सेवा केली त्यांची नोंद राखणे हेही महाजनांचे कर्तव्य आहे. आपल्या अनेक कुटुंबांत माळ्यावर जुनी ग्रामोफोन पेटी आणि तबकड्या अद्याप असतील. त्या भंगारात घालण्यापूर्वी वरील कागद वाचावा, गायकाचे नाव वहीत उतरून घ्यावे, शक्य असल्यास गीताचे नवीन ध्वनिमुद्रण करून ठेवावे. देवस्थानाच्या उत्सवात ध्वनिक्षेपकावरून जुनी भजने लावली जातात, तेव्हा भजनापूर्वी गायकाचे नाव सांगण्याची प्रथा पाडावी. तसेच देवापुढे ज्या कलावंत स्त्रियांनी सेवा केली त्यांची नावे वयोवृद्ध मंडळींना विचारून देवस्थानच्या दप्तरी लिहून ठेवावीत. या कार्यास खर्च नाही, केवळ आस्था लागते.

बिळगीच्या एका मुलीने आपल्या गळ्याने सगळ्या देशाचे देवघर जागविले. तिचे नाव घेऊन पुढील उत्सवाची पहाट व्हावी, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.