गेलेला आवाज आणि नवी गायकी : उस्ताद अल्लादिया खाँ

तुम्ही शिवाजी पेठेत राहत असाल, तर आवाज बसणे तुम्हाला नवीन नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाचा फुटबॉलचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी उभा मारुती चौकात निम्मी पोरं घोगऱ्या आवाजात बोलत असतात. बहुतेकांचा आवाज दोन-चार दिवसांत मोकळा होतो. पण शाळेतल्या बाई, भजनी मंडळातले बुवा, दिवसभर ओरडून भाजी विकणाऱ्या मावशी यांच्यापैकी काहींचा आवाज कित्येक आठवडे सुटत नाही. मग मनात एकच भीती घर करते : आवाज परत येईल ना?

तुमची किंवा घरातल्या कोणाची अशी अवस्था असेल, तर पाव शतकाहून अधिक काळ कोल्हापूरच्या दरबारात गायलेल्या एका गवयाचे आयुष्य जाणून घ्या. त्यांचाही आवाज गेला होता.

भरात असताना गेलेला आवाज

अल्लादिया खाँ यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. घराणे मूळचे अत्रौलीचे आणि पिढ्यान्‌पिढ्या गाणारे. वडील लवकर वारले. मग काका जहांगीर खाँ यांनी त्यांना ध्रुपद आणि ख्याल शिकवला. वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास मेहनत करून त्यांनी गळा तयार केला. आवाज गोड आणि चपळ होता. एकामागून एक संस्थानांत त्यांचे नाव होऊ लागले.

माळव्यातील आमलेटा येथे मात्र घात झाला. तिथल्या संस्थानिकांना त्यांचे गाणे इतके आवडले, की खाँसाहेबांना दिवसामागून दिवस, विश्रांती न घेता गावे लागले. गळ्यावर ताण आला आणि आवाज गेला. ज्या गळ्यावर घर चालायचे तोच मुका झाला. बऱ्याच काळाने आवाज परतला, पण पूर्वीचा गोडवा त्यात नव्हता. आता तो जड आणि खरखरीत झाला होता.

आवाज बसतो म्हणजे काय होते?

तुमच्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटून थरथरतात. साधारणपणे पुरुषांच्या आवाजात ही थरथर सेकंदाला शंभराहून जास्त वेळा होते आणि स्त्रियांच्या आवाजात दोनशेच्या आसपास. आता तासभर टाळ्या वाजवल्यावर तळहात कसे होतात ते आठवा. तसेच इथेही होते. आधी सूज येते. विश्रांती दिली नाही, तर तंतूंवर गाठी येऊ शकतात, हाताला घट्टे पडतात तशा. कधी जोरात ओरडल्याने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते आणि आवाज एकाएकी जातो. सुजलेले तंतू नीट मिटत नाहीत. त्यांच्या फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा येतो.

खाँसाहेबांच्या जन्मवर्षी, १८५५ सालीच, लंडनमध्ये मॅन्युएल गार्सिया यांनी छोट्या आरशाने स्वतःचे स्वरतंतू कसे पाहिले ते विद्वानांपुढे मांडले. गार्सिया डॉक्टर नव्हते, गाण्याचे शिक्षक होते. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी याच युक्तीवर उभी राहिली. आज तुम्हाला ती सहज उपलब्ध आहे.

जसा आवाज, तशी गायकी

खाँसाहेबांनी जुना आवाज ओढूनताणून परत आणण्याचा हट्ट धरला नाही. जो आवाज उरला त्याला पेलेल आणि शोभेल असे गाणे त्यांनी बांधले. गोडव्याची जागा बुद्धीने घेतली. लयीच्या अंगाने जाणारी, वळणावळणाने समेवर येणारी तान, श्वासावरचा ताबा, मोकळा आकार, अनवट आणि जोडराग ही त्यांच्या गाण्याची ओळख झाली. हीच जयपूर-अत्रौली गायकी.

१८९५च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात ठेवून घेतले. १९२२ साली महाराज गेले. पुढे खाँसाहेब मुंबईला गेले आणि १६ मार्च १९४६ रोजी, नव्वदीत, त्यांचे निधन झाले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे त्यांचे शिष्य. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यांची तालीम मिळाली.

ऐकायचे कसे?

खाँसाहेबांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका होऊ दिली नाही. तरी त्यांचे गाणे हरवले नाही, ते शिष्यांच्या मुद्रिकांतून ऐकू येते. केसरबाईंची जेमतेम साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ती घरी शांतपणे ऐका. एक तान संपली असे वाटते तोच ती पुढे वळते. ती श्वासाबरोबर कशी चालते ते पाहा. दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा पहिल्यांदा निसटलेली जागा सापडेल. मुद्रिकेची हीच तर गंमत.

युरोपातही असेच एक उदाहरण आहे. इटलीच्या निकोलो पागानिनी यांच्या व्हायोलिनने लोक थक्क होत, पण शेवटच्या वर्षांत आजाराने त्यांचा बोलण्याचा आवाज गेला. १८४० साली ते वारले, तेव्हा ध्वनिमुद्रण जन्मालाही आले नव्हते. आज त्यांचा पहिला व्हायोलिन कॉन्चर्टो, म्हणजे वाद्यवृंदासह एकट्या व्हायोलिनने रंगवायची मोठी रचना, इतर वादकांच्या मुद्रणांतून घरोघरी ऐकता येते. गळा विश्रांती घेत असताना कान मात्र कामात राहू शकतात. घशाला आराम देण्याच्या दिवसांत अशी एखादी मुद्रिका ऐकत बसणे हा चांगला सोबती आहे.

तुम्ही काय कराल?

- आवाज बसला की दोन-तीन दिवस कमीत कमी बोला. कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण पडतो.
- दिवसभर थोडे थोडे पाणी प्या. सारखे खाकरू नका.
- विडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री आणि दारू बंद करा.
- छातीत जळजळ होत असेल, तर रात्री उशिरा जेवू नका आणि डॉक्टरांना तसे सांगा.
- शिकवणे किंवा गाणे हेच काम असेल, तर मध्येमध्ये विश्रांती ठरवून घ्या.

डॉक्टरांकडे कधी जाल?

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. तंबाखू किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर ही तपासणी अजिबात टाळू नका. घशाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण कधी कधी एवढेच असते आणि लवकर कळला तर तो बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. थुंकीतून रक्त येणे, गिळताना त्रास होणे, मानेत गाठ लागणे किंवा आवाज एकाएकी पूर्ण जाणे, यांपैकी काहीही झाले तर तीन आठवडे थांबू नका. श्वास घेताना धाप लागली किंवा आवाज येऊ लागला, तर तातडीने रुग्णालय गाठा.

ताणामुळे आलेल्या बऱ्याच गाठी शस्त्रक्रियेविना, आवाजाच्या व्यायामाने आणि बोलण्याची पद्धत बदलून कमी होतात. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. त्या दिवसांत धीर सुटू लागला, तर खाँसाहेबांना आठवा. त्यांच्याजवळ ना तपासणी होती, ना उपचार. तुमच्याजवळ दोन्ही आहेत. आवाज आधीसारखा नाही झाला तरी त्याच्याशी जमवून घेता येते, पण त्याआधी तो तपासून घ्या.