खासगी विमान की विमान कंपनी? नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नव्वद वर्षांपूर्वी काय निवडलं

सांबऱ्याला आता वैमानिक प्रशिक्षण चालतं. त्यामुळे पूर्वी फक्त मुंबई-दिल्लीच्या घरांत असलेला एक प्रश्न आपल्याकडेही आलाय. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका घरी गेलो होतो. मुलाच्या हातात कमर्शियल लायसन्स आलेलं. वडिलांचं म्हणणं, मोठ्या विमान कंपनीतच जा. ठरलेला पगार, सिनियॉरिटी, पुढे कॅप्टन. मुलाचा ओढा उद्योगपतींच्या खासगी जेटकडे. मोजके प्रवासी, आज एक गाव तर उद्या दुसरं, रोज त्याच मार्गावर ये-जा नाही. दोघांनी मिळून मलाच पंच केलं. मी बीकॉम झालेला बातमीदार, विमानातलं मला काय कळणार? पण नेव्हिल व्हिन्सेंट यांची गोष्ट आठवली. भारताच्या हवाई इतिहासात हे नाव मोठं आहे. त्यांनी दोन्ही बाजू स्वतः जगून बघितल्या होत्या.

पोट विमानावर

व्हिन्सेंट यांचा जन्म १९०२ सालचा, दक्षिण आफ्रिकेतला. तरुणपणी ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक झाले. इराकच्या कुर्दिस्तान भागातल्या कामगिरीसाठी त्यांना शौर्यपदकही मिळालं. पण विशीतच त्यांनी हवाई दल सोडलं. त्यानंतर न्यूऑल नावाच्या जोडीदारासोबत पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बनावटीची दोन डीएच-९ विमानं इंग्लंडहून उडवत ते हिंदुस्थानात आले.

इथे त्यांचा धंदा काय? गावोगावी मोकळं मैदान बघून विमान उतरवायचं आणि पैसे घेऊन लोकांना आकाशात चक्कर मारून आणायचं. जत्रेतल्या पाळण्यासारखंच, फक्त पाळणा जरा जास्त उंच. जोडीला हवाई पाहणीची कामं. आजच्या भाषेत सांगायचं तर चार्टर. ज्याचं काम, त्याच्या सोयीने उड्डाण.

यात स्वातंत्र्य भरपूर, वरिष्ठ कोणी नाही. पण आम्हा कॉमर्सवाल्यांना दुसरी बाजूही दिसते. गिऱ्हाईक आलं तर कमाई, पाऊस लागला की कमाई बंद. पेट्रोल, मेकॅनिकची मजुरी, सुटे भाग हे खर्च मात्र थांबत नाहीत. शिवाय आज उडालेल्या विमानाचा उद्याच्या गावाला काही उपयोग नाही. गंमत संपली की विमान गेलं.

तीन वर्षांची वाट

१९२९ मध्ये लंडनची हवाई टपाल सेवा कराचीपर्यंत आली. तिथून पुढे पत्रं रेल्वेने जायची. व्हिन्सेंट यांना यातलीच जागा दिसली. कराचीहून मुंबई आणि तिथून मद्रास, असा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी टपाल नेणारा मार्ग. ही योजना घेऊन ते टाटांकडे गेले. जेआरडी तेव्हा पंचविशीत होते आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं होतं. ते लगेच तयार झाले. सर दोराबजी टाटा मात्र उत्सुक नव्हते. टाटांकडचे जॉन पीटरसन यांनी त्यांचं मन वळवलं. भांडवल लागणार होतं साधारण दोन लाख रुपये.

पुढचं सरकारी काम आपल्याला ओळखीचं वाटेल. कागद फिरत राहिले. आधी अनुदान मागितलं, मग कमी केलं, शेवटी अनुदानच नको, टपालाच्या वजनावर पैसे द्या म्हणून सांगितलं. करार व्हायला १९३२ साल उजाडलं. या तीन वर्षांत व्हिन्सेंट कंटाळून पुन्हा मोकळ्या धंद्याकडे जाऊ शकले असते. हातात कला होती. ते गेले नाहीत.

बळ्ळारीचा मुक्काम

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून छोटं पस मॉथ विमान उडवलं. अहमदाबादला बैलगाडीवरून आलेलं पेट्रोल भरलं आणि दुपारी जुहूला उतरले. तिथून पुढची टपालाची पिशवी व्हिन्सेंट यांच्या हाती. ते बळ्ळारीला रात्री थांबले आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोचले. जेआरडींच्या उड्डाणाची आठवण दरवर्षी निघते. पुढचा अर्धा मार्ग आणि बळ्ळारीचा मुक्काम मात्र बहुतेकांना माहीत नसतो.

सेवा आठवड्यातून एकदा. विमानात वायरलेस नाही. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलाने भरायचं, तेव्हा सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे. तरीही टपाल वेळेवर पोचायचं, आणि सरकारनेच त्याची वाखाणणी केली. पहिल्या वर्षी नफा झाला सुमारे साठ हजार रुपये.

इथे व्हिन्सेंट यांच्या निवडीचा अर्थ लागतो. चार्टरच्या धंद्यात वैमानिकाचा हात विकला जातो. टपालाच्या मार्गावर विकला जातो भरवसा. वैमानिक आजारी पडला, बदलला, तरी मंगळवारचं पत्र मंगळवारीच पोचायला हवं. स्वतः उत्तम उडवणाऱ्या माणसाला हे पटणं सोपं नसतं, कारण त्यात त्याचं स्वतःचं महत्त्व कमी होतं. व्हिन्सेंट यांना ते पटलं.

मार्ग वाढत गेले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा आणि कन्नूरमार्गे त्रिवेंद्रम. कराची-मद्रास मार्गावर हैदराबाद आलं. १९३७ मध्ये मुंबई-दिल्ली, वाटेत इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर. गावांची नावं बघा. महाराष्ट्राबाहेर मराठी माणूस जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतोय, त्यातली कितीतरी गावं या वेळापत्रकात आली. हीच कंपनी पुढे टाटा एअरलाइन्स आणि १९४६ मध्ये एअर इंडिया झाली.

व्हिन्सेंट यांनी ते साल पाहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धात पुण्याला विमान कारखाना काढायची टाटांची योजना होती. त्या कामासाठी ते इंग्लंडला गेले. जानेवारी १९४२ मध्ये लष्करी विमानातून परत येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ते विमान पडलं. वय चाळिशीच्या आसपास. जेआरडींना हा धक्का फार मोठा होता. ज्याने वाट दाखवली तोच भागीदार गेला.

मग त्या मुलाने काय करावं?

खासगी जेट उडवणं कमी दर्जाचं काम नाही, हे आधीच सांगतो. अनोळखी धावपट्टी, ऐनवेळी आलेला फोन, सगळा बंदोबस्त स्वतःच बघायचा, त्यात माणूस पटकन तयार होतो. व्हिन्सेंट यांचीही मोकळी वर्षं वाया गेली नाहीत. मैदानं पारखायची सवय पुढे बळ्ळारीला उपयोगी पडलीच असणार.

पण निवडताना पगारासोबत एक गोष्ट विचारावी. आपण कोणाच्या घड्याळावर उडणार? खासगी विमान मालकाच्या घड्याळावर चालतं. कंपनीचं विमान गावाच्या घड्याळावर चालतं. सांबऱ्याहून एखादी फ्लाइट बंद झाली की व्यापारी, पेशंट, शिकायला गेलेली मुलं, सगळ्यांचं गणित बिघडतं. खासगी जेट त्या दिवशी आलं काय, न आलं काय, गावाला पत्ता नसतो.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं. अजून त्याने ठरवलेलं नाही. वडिलांनी मात्र बळ्ळारीचं मैदान नेमकं कुठे होतं ते विचारलं.